गाळलेलं पान

अंबरनाथच्या एमआयडीसीत आयुर्वेदिक औषधांचा एक लहान कारखाना आहे. तिथे मी एकवीस वर्षं नोकरी करतो. माझा औषधाला हात लागत नाही, फक्त कागदाला लागतो. नवं औषध बाजारात आणायचं तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या अर्जात प्रत्येक घटक कुठल्या मान्य जुन्या ग्रंथात सापडतो ते दाखवावं लागतं. ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक. आमच्याकडे याला 'आधार लावणं' म्हणतात. एकवीस वर्षं मी आधार लावत आलो.

हे काम मला चांगलं येतं. शाळेत संस्कृत होतं, पुढे फार्मसी केली, आणि जुन्या पोथ्यांच्या सूच्या चाळायचा मला कधी कंटाळा आला नाही. हे सांगायचं कारण असं की पुढे जे लिहिणार आहे ते काम चुकल्यामुळे घडलेलं नाही. काम येत होतं म्हणूनच ते घडलं.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताला चिरा पडायला लागल्या. बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटायची, रक्त यायचं, भात कालवताना मीठ झोंबायचं. आमच्याच कारखान्यातली दोन मलमं लावून झाली, डॉक्टरांची तीन झाली. शेवटी शेजारच्या रंगाच्या कारखान्यातला एक कामगार चहाच्या टपरीवर माझा हात बघून म्हणाला, "सर, कशाला ट्यूबा फासताय? रविवारी वाडीवर जा म्हातारीकडे. आमचं अख्खं डिपार्टमेंट तिथेच जातं."

मी खरवईला राहतो. आमच्या बिल्डिंगपासून स्कूटरने पाऊण तासावर, डोंगराच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची ती वाडी आहे. पहिल्या रविवारी गेलो तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं रांगेने बसली होती. सगळे एमआयडीसीतले. कोणाच्या नखांत निळं, कोणाच्या तळव्यावर पिवळं, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या बोटांना भोकं पडलेली. म्हातारी साठीपुढची, काटक. एकेकाचा हात उलटापालटा करून बघत होती आणि पानावर तपकिरी लेप देत होती. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. मला बघून म्हणाली, "तू तर बसून काम करणारा दिसतोस. तुला कशानं झालं?"

"कागदानं," मी म्हटलं.

"कागद पण चावतो?" ती म्हणाली, आणि रांग हसली.

पैसे ती घेत नसे. बरं वाटल्यावर वाडीच्या देवाला एक नारळ फोडायचा, एवढंच. माझा हात पाच आठवड्यांत बरा झाला. मी इथे औषधाची जाहिरात करत नाही. माझा हात बरा झाला, इतकंच लिहितो.

लेप एका झाडाच्या सालीचा होता. झाडाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या वाडीत साल काढायची एक रीत होती. तीन बोटं रुंद पट्टी, ती पण एकाच बाजूची, आणि तो व्रण भरून येईपर्यंत त्या झाडाला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. आणि औषध घेणाऱ्याला झाडाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो, असं सगळे मानत. हे मी आमच्या गावाकडेही ऐकलं होतं. तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटायची. आता वाटतं, ज्यांच्याकडे कुलूप नाही त्यांनी केलेली ती व्यवस्था होती.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत जैवविविधता समितीची नोंदवही करायचं निघालं. गावातली झाडं, मासे, बियाणं आणि त्यांचं लोकांकडे असलेलं ज्ञान असं सगळं त्या वहीत लिहायचं होतं. ग्रामसेवक मला रविवारच्या रांगेत भेटलेला. त्याला मराठी नीट लिहिणारा माणूस हवा होता. मी आनंदाने हो म्हटलं. कायदा मिळवला, नियम वाचले, रात्री बायकोलाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या कायद्यात फारच जीव गुंतलाय तुझा." पण मला खरंच वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा माझं कागदाचं ज्ञान कोणाच्या तरी उपयोगी पडतंय.

म्हातारी नाव सांगायला तयार नव्हती. मी तिला मावशी म्हणायला लागलो होतो. तीन रविवार मी तिच्या ओट्यावर बसून तिला समजावलं.

"मावशी, उद्या एखादी कंपनी येईल, हे सगळं घेऊन जाईल आणि म्हणेल आमचंच आहे. वहीत लिहिलेलं असलं तर त्यांना आधी तुमच्या समितीला विचारावं लागेल. नफ्यातला वाटा वाडीला द्यावा लागेल."

"हितं एसटी येत नाय," ती म्हणाली. "कंपनी कशी येल?"

"येते. कंपनी कुठेही येते."

तिसऱ्या रविवारी ती उठली आणि काही न बोलता मला डोंगरावर घेऊन गेली. झाड दाखवलं. साल कुठल्या महिन्यात काढायची, कशात किती दिवस भिजवायची, कधी उन्हाला लावायची नाही, सगळं सांगितलं. मी एका पानावर ते लिहिलं, तिला दोनदा वाचून दाखवलं, खाली तिने अंगठा दिला. उतरताना म्हणाली, "दादा, आता तुझ्याकडं पण हाय आन माझ्याकडं पण हाय. सांभाळ."

वहीची पक्की प्रत मी घरी करत होतो. कच्च्या पानांचा गठ्ठा माझ्या कपाटात होता.

एक दिवस मालक माझ्या टेबलापाशी थांबले. माणूस वाईट नाही. कामगारांच्या पोरांच्या फिया भरतो, कधी आवाज चढवत नाही. त्यांनी माझा हात पाहिला. "अरे, बरा झाला की. काय लावलंत शेवटी?"

मी काहीही सांगू शकलो असतो. गावाकडचं काहीतरी, म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण इतक्या वर्षांत मालकांनी उभं राहून माझं ऐकल्याचे प्रसंग मोजकेच, आणि मला बोलायची हौस आली. मी झाडाचं नाव सांगितलं. भिजवणं सांगितलं. महिनासुद्धा सांगितला. कोणाकडून कळलं तेही सांगितलं, अगदी कौतुकाने.

आठवड्याने त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते सालीचं," ते म्हणाले, "ग्रंथात आहे का?"

हा प्रश्न कशासाठी होता ते मला कळलं. कायद्यात अशी सोय आहे की जे ज्ञान जुन्या मान्य ग्रंथांत आधीच लिहिलेलं आहे, ते वापरणाऱ्याला कोणाला वाटा द्यावा लागत नाही. जे तोंडी चालत आलं, त्याच्यासाठीच विचारावं लागतं. म्हणजे ते सालीचं ग्रंथात सापडलं तर ते सगळ्या देशाचं, नाही सापडलं तर वाडीचं.

मी त्याच संध्याकाळी शोधायला बसलो. दोन दिवसांत एक ओळ मिळाली. त्वचेच्या विकारांवर उपयोगी अशा सालींची यादी, त्यात हे झाड नववं. भिजवणं नाही, महिना नाही, लेप नाही. नुसतं नाव. पण आधार लावायला नाव पुरतं. मी टिपण लिहिलं, संदर्भ दिला, त्यासोबतच्या निवेदनावर सही केली. निवेदनात लिहिलं होतं की सदर वापर ग्रंथोक्त असून त्यासाठी कोणत्याही स्थानिक समाजाच्या ज्ञानाचा उपयोग केलेला नाही.

मग वहीचं पान उरलं. ते पान वहीत गेलं असतं तर कोणीतरी कधीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवले असते. मालकांनी मला पान गाळायला सांगितलं नाही. असं काही पान आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पक्क्या प्रतीत ओढ्यातले मासे संपले आणि लगेच बांबू सुरू झाला. मधलं पान मी कपाटाच्या खणात, विजेच्या बिलांखाली ठेवलं. पानांना नवे क्रमांक दिले. समितीने वहीवर सह्या केल्या, माझे आभार मानले, नारळ दिला.

लेबलं उल्हासनगरला छापली. तिथला सिंधी छपाईवाला आमच्या कारखान्याचा जुना माणूस, रिकामं लेबल बघून म्हणाला, "साईं, ये तो बिलकुल खाली-खाली लग रहा है. कोई ऋषी-मुनी डालो. जंगल का माल सादे डब्बे में कौन लेगा?" त्याच्याकडे कॉम्प्युटरमध्ये चार ऋषी तयार होते. मी दाढीवाला निवडला. चारही दाढीवालेच होते, पण याची दाढी जास्त होती.

मलम चाललं. आणि त्यावर मी जे केलं ते आठवून मला अजून घाम फुटतो. दिवाळीच्या आधी मी सहा ट्यूबांचं खोकं घेऊन वाडीवर गेलो, भेट म्हणून. का नेलं? वाटलं असावं, मी आपणहून दिलं की ते चोरलेलं राहणार नाही.

तिने झाकण उघडून वास घेतला. थोडं अंगठ्यावर घेऊन चोळलं. रांगेतली माणसं बघत होती.

"हे तर आपलंच," ती म्हणाली. मग ट्यूब डोळ्यांजवळ धरून, "हा कोण दाढीवाला?"

"ऋषी आहेत, मावशी. फार जुने."

"हा आलता व्हय वाडीवर?"

सगळे हसले. प्लेटिंगवाला एक जण म्हणाला, "आला असंल रांगेत, हात दाखवायला."

ती हसली नाही. "मग याला कोणी सांगितलं?"

"ते ग्रंथात होतं," मी म्हटलं. "आधीपासून लिहिलेलं होतं."

तिने ट्यूबचं झाकण लावलं. "आदीच लिवल्यालं व्हतं," ती म्हणाली, "तर तू तीन रविवार माझ्या ओट्यावर कशाला बसत व्हतास?"

मी ट्यूबा तिथेच ठेवून निघालो आणि जाणं बंद केलं.

पुढचं मला रंगाच्या कारखान्यातल्या त्या कामगाराकडून कळत गेलं. सालीसाठी आमच्या पुरवठादाराने ठेकेदार लावला होता. ठेकेदाराची माणसं टेम्पो घेऊन डोंगरावर जायची आणि झाड बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत चहूबाजूंनी सोलायची. चहूबाजूंनी सोललेलं झाड वाळतं. वर्षभर पानं टिकतात, मग एका उन्हाळ्यात सगळं जातं. खालच्या उतारावरची झाडं गेली, मग मधली. म्हातारीने रांगेला सांगितलं, साल नाय, येऊ नका. रांग मोडली. आता ती माणसं टपरीशेजारच्या मेडिकलमधून आमची ट्यूब घेतात. कामगार म्हणाला, "सर, खरं सांगू? त्या लेपाची सर नाही हिला." मला माहीत होतं. महिना पाळायला आणि इतके दिवस भिजवायला कारखान्याला परवडत नाही.

चार वर्षं मी हे ऐकत राहिलो. दर वेळी वाटायचं, जाऊन सांगावं. मग पगार, मग दुसरं काही. माणूस स्वतःला किती दिवस उद्याचा वायदा देऊ शकतो याची मला आता बरीच माहिती आहे.

या वर्षी मालकांनी त्याच सालीचं हात धुण्याचं द्रव काढायचं ठरवलं. मालाची मागणी चौपट होणार होती. म्हणजे वरच्या उतारावरची उरलेली झाडंही जाणार होती. टेबलावर तेच निवेदन आलं, तेच वाक्य. खाली माझं नाव टाइप केलेलं होतं. मी तो कागद तीन दिवस ट्रेमध्ये वर-खाली केला. त्यात धाडस नव्हतं. मी दमलो होतो. तेच खोटं पुन्हा लिहायचं म्हटलं की पेन जड व्हायचं.

घरी खणातून ते पान काढलं तेव्हा बायको दाराशी उभी होती.

"हे अजून ठेवलंयस?"

"तुला माहीत होतं?"

"बिलं मी लावते त्या खणात," ती म्हणाली. "मला वाटलं, कधीतरी देशील. नंतर वाटलं, देणार नाहीस." मग पलंगावर बसून म्हणाली, "नोकरी गेली तर या वयात तुला कोण घेणार आहे? आणि नाही गेली तरी तू झोपणार आहेस का? जा, देऊन ये. नंतरचं नंतर बघू."

मालकांना मी आधी सांगितलं, सही करणार नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "आधार चुकीचा आहे का?"

"आधार बरोबर आहे. निवेदन खोटं आहे."

"तेव्हा का बोलला नाहीत?"

मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो. त्यांनी सही दुसऱ्या कोणाची घेतली का ते मला माहीत नाही. मी अजून तिथेच आहे, पण आधाराचं काम माझ्याकडे नाही. जुन्या फायली स्कॅन करतो.

शनिवारी समितीची बैठक होती. पंचायतीच्या खोलीत सरपंचबाई, ग्रामसेवक, चार सभासद आणि निरोप धाडून बोलावलेली म्हातारी. ती खुर्ची असूनही भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याबरोबर वाडीतल्या पाच-सहा बायका आल्या होत्या. मी पान टेबलावर ठेवलं आणि काय केलं ते सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

ग्रामसेवक भला माणूस. पान उलटसुलट बघून म्हणाला, "सर, आता एवढ्या वर्षांनी जोडायचं म्हणजे कारण लिहावं लागेल. 'अनवधानाने राहून गेले' असं टाकू. तुम्हालाही त्रास नाही."

क्षणभर मला ते फार आवडलं. अनवधानाने. किती मऊ शब्द आहे.

"राहून गेलं नाही," मी म्हटलं. "मी गाळलं."

सरपंचबाई म्हणाल्या, "सर, हे लिवलं तर कंपनी तुमच्या मागं लागंल."

"लागू दे."

"वाच," म्हातारी म्हणाली. "काय लिवलंय ते वाच."

मी वाचायला लागलो. झाडाचं नाव आलं तसा तिने हात वर केला. "ते नको."

"मावशी, ते आता ट्यूबवर छापलंय," सरपंचबाई म्हणाल्या.

"छापू दे. भिजवायचं छापलंय का? महिना छापलाय का? ते आमचं हाय. ते आता परत कोणाच्या कागदात नाय जायचं."

ग्रामसेवकाने नियमांची पुस्तिका चाळली. "माहिती गोपनीय ठेवता येते," तो म्हणाला. "नोंद करायची, पण तपशील उघड करायचा नाही. तशी सोय आहे यात."

ती सोय मला माहीत होती. पहिल्याच वाचनात मी तिच्याखाली रेघ मारली होती. त्या तीन रविवारांत मी तिला ती सांगितली नाही, कारण तेव्हा मला स्वतःला ते गुपित ऐकायचं होतं. हेही मी त्या खोलीत सांगितलं. एका बाईने पदराने तोंड पुसलं आणि दुसरीकडे बघितलं.

शेवटी नोंद झाली ती अशी, की हातावरच्या चिरांसाठी एका सालीचा लेप करण्याचं ज्ञान या वाडीचं आहे, तपशील वाडीकडे आहे, आणि अमुक कारखान्याने ते इथून नेलं. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात म्हातारीने आपलं एकटीचं नाव लिहू दिलं नाही, वाडीचं लिहायला लावलं. माझं काय लिहायचं हा प्रश्न आला. ग्रामसेवक म्हणाला, "माहिती नेणाऱ्याचा रकाना नाही यात."

"मग शेऱ्यात लिहा," मी म्हटलं.

त्याने शेऱ्यात लिहिलं, मी सही केली. एक प्रत राज्याच्या जैवविविधता मंडळाकडे जाणार होती. जुन्या पानावरची भिजवण्याची ओळ आणि महिना म्हातारीने माझ्याकडूनच काळ्या शाईने खोडून घेतला. नीट खोडलं की नाही ते तिने पान उजेडाकडे धरून बघितलं.

मग तिने मला पहिल्यांदा थेट विचारलं. "आता टेम्पो येणार नाय ना?"

"मंडळ कंपनीला विचारेल," मी म्हटलं. "थांबवायचा त्यांना अधिकार आहे."

"कधी?"

"पत्र जायला, उत्तर यायला... महिने लागतील."

"तवर?"

ती उठली, लुगडं झटकलं आणि बायकांकडे वळली. तिथेच, पंचायतीच्या पायऱ्यांवर, त्यांनी आपसात ठरवलं. डोंगरावर जायची वाट एकच आहे, टेम्पो तिथूनच चढतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दोघी-दोघींनी तिथे बसायचं. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, लग्नाला कोण जाणार आहे, कोणाचं लेकरू तान्हं आहे, सगळं धरून पाळ्या लागल्या. एक बाई म्हणाली, शनिवारचं अडतंय, एक जण कमी पडतेय. दुसरी म्हणाली, मी येईन, माझा शनिवार मोकळाच असतो.

शनिवारी मलाही सुट्टी असते. मी पायरीच्या खाली स्कूटरची किल्ली हातात धरून उभा होतो. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि मीही काही सुचवलं नाही.